वाचक विचारतात : पट्टी खाली का घेतली?

प्रश्न : ताई, मुलाने वाढदिवसाला लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘सेलिब्रेशन डे’ या मैफलीची ब्लू-रे दिली. कॉलेजात असताना ही गाणी कॅसेटवर ऐकून पाठ झाली होती. इथे मात्र काही गाणी खालच्या सुरात वाटतात. दोष डिस्कमध्ये आहे की माझ्या कानात? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्हीकडे नाही. तुमचा कान पक्का आहे. त्या रात्री काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली वाजवली गेली, आणि तीही ठरवून.

डिस्कमुळे सूर हलतो हे खरं, पण तो सहसा चढतो. सिनेमासाठी सेकंदाला 24 चौकटींनी केलेलं चित्रण आपल्याकडच्या पॅल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर अनेकदा 25 चौकटींनी पळवतात. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि आवाज वेगळा दुरुस्त केला नसेल, तर सूर अर्ध्या स्वराला जरा कमी इतका वर जातो. ब्लू-रेवर ती भानगड नाही. (जुने कॅसेट प्लेअरही कधीकधी जास्त वेगाने चालायचे. त्यामुळे तुमच्या डोक्यात बसलेली पट्टी मुळातच थोडी चढी असू शकते.)

आता मैफलीकडे. लंडनचं ओटू अरीना, 10 डिसेंबर 2007. अटलांटिक रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचे एक संस्थापक अहमेत एर्तेगुन यांच्या स्मरणार्थ हा कार्यक्रम होता. गिटारवाले जिमी पेज 63 वर्षांचे, बास आणि कीबोर्ड सांभाळणारे जॉन पॉल जोन्स 61 चे आणि गायक रॉबर्ट प्लांट 59 चे. प्लांट यांनी ही गाणी पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केली ती विशीत. तेव्हाची ती तार सप्तकातली किंकाळी साठीला टेकलेल्या गळ्याकडून कशासाठी मागायची?

मी गाण्याच्या साथीला पेटी घेऊन बसते, म्हणून हे जरा आग्रहाने लिहिते आहे. आपल्याकडे बुजुर्ग गायक काळी दोनवरून पांढरी दोनवर आले, तर त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पेटीवाल्याचं कामही सोपं, बोटं सरकवली की झालं. गिटारवर मात्र मोकळ्या तारांचा नाद गाण्याच्या रचनेतच मुरलेला असतो. तो राखायचा तर तारा उतरवून लावाव्या लागतात. तार सैल पडली की आवाज जाड होतो, मंद्राकडे झुकतो. मला तर तो या गाण्यांना शोभून दिसतो. ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ हे संथ गाणं रात्री निवांत ऐका. प्लांट प्रत्येक ओळीवर चढून जात नाहीत. शब्द थोडा मागे ठेवतात, श्वास राखतात आणि जिथे खरंच गरज आहे तिथेच आवाज फेकतात. तरुणपणी त्यांना हे जमलं असतं असं मला वाटत नाही, तेव्हा त्याची गरजही नव्हती.

प्रश्न : ड्रम्सवर कोण आहे? मूळ ड्रमर तर वारले ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हो. जॉन बोनम 25 सप्टेंबर 1980 रोजी गेले आणि त्याच डिसेंबरात बँडने काम थांबवलं. ओटूमध्ये ड्रम्सवर बसला आहे तो त्यांचा मुलगा जेसन. वडील गेले तेव्हा तो 14 वर्षांचा होता, या मैफलीत 41 चा.

पडद्यावर जेसनकडे बघत राहा, ही माझी कळकळीची विनंती. एवढं मोठं रंगमंच असून पेज आणि जोन्स पुन्हापुन्हा ड्रम्सपाशी येऊन उभे राहतात. सम कुठे पडणार हे तिघं डोळ्यांनी ठरवतात. ‘फॉर युअर लाइफ’ हे 1976 च्या अल्बममधलं गाणं बँडने त्याआधी जाहीर कार्यक्रमात कधीच वाजवलं नव्हतं. त्यात ही नजरानजर जास्तच दिसते. ‘काश्मीर’मध्ये ड्रम्सचा ठोका एका चालीने जातो आणि वरची धून वेगळ्या मात्रांनी फिरते. दोन्ही जिथे भेटतात, तिथे जेसन एक क्षणही घाई करत नाही.

प्रश्न : मैफल 2007 ची आणि डिस्क थेट 2012 मध्ये. एवढा उशीर का? आणि त्यांचा भारताशी काही संबंध? – एक वाचक, पुणे

उत्तर : ही माणसं कच्चं काही बाहेर जाऊ देत नाहीत. 1985 च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमातलं आपलं वादन त्यांना इतकं नापसंत होतं, की 2004 मध्ये त्या कार्यक्रमाचा डीव्हीडी संच आला तेव्हा त्यातून त्यांनी स्वतःला वगळायला लावलं. ओटूचं चित्रण ऑक्टोबर 2012 मध्ये चित्रपटगृहांत आणि नोव्हेंबरमध्ये डिस्कवर आलं. ज्या कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी सुमारे 2 कोटी मागण्या आल्या, तो घाईने विकणं सहज शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही, याचा मला आदर वाटतो.

भारताशी संबंध आहे, तोही आपल्या मुंबईशी. 1972 मध्ये पेज आणि प्लांट यांनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे ऐकायला मिळाली 2015 मध्ये, ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. जरूर मिळवून ऐका.

संग्रहासाठी घेणार असाल, तर या मैफलीआधी शेपर्टन स्टुडिओत झालेल्या तालमीची डिस्क सोबत असलेली आवृत्ती बघा. तिथे ना गर्दी, ना झगमगाट. कोण कुणाला कसं सांभाळून घेतं, ते सरळ ऐकू येतं. ज्यांच्या घरी मुलं वाद्य शिकत आहेत, त्यांनी ही तालीम मुलांना आधी दाखवावी आणि मैफल नंतर.