बहुमत असूनही बदल का अडतो?

तुम्ही विचारलंय की प्रकल्पाच्या कोडमध्ये तुम्ही सुचवलेल्या बदलाला सहा जणांनी पसंती दिली, एका मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) हरकत घेतली आणि तो अडला. मग ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेलं सॉफ्टवेअर, सगळ्यांचं कसं?

मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. आमच्याकडे सहकार अंगवळणी पडलेला. वडील साखर कारखान्याचे सभासद. ऊस दोन ट्रॉल्या घाला नाहीतर वीस, सभेत मत एकच. त्यामुळे जिकडे जास्त हात तिकडे निर्णय, असंच मीही धरून चाललो होतो.

मग एका प्रकल्पात मी बदल पाठवला: मराठी नावांच्या यादीत क्ष आणि ज्ञ आपल्या वर्णमालेसारखे शेवटी यावेत. पाच-सहा जणांना आवडला. एकीने अडवला. लोकांच्या जुन्या फायलींत शोधासाठीची सूची आधीच्या क्रमाने साठवलेली आहे, क्रम बदलला तर शोधताना नोंदी सापडणार नाहीत, असं तिचं म्हणणं. आठवडाभर मी धुमसत होतो. शेवटी स्वतः करून पाहिलं. नोंदी फायलीत होत्या, शोधात मात्र येत नव्हत्या! सूची नव्याने बांधायची सोय लिहिली, तेव्हा तिनेच बदल आत घेतला. मतं मोजली असती तर मराठी वापरणाऱ्यांचाच घोळ झाला असता.

अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत हे नियमातच आहे. कोडमधला बदल अडवायला मताधिकार असलेल्या एकाचा −१ (विरोधी मत) पुरतो, पण सोबत तांत्रिक कारण द्यावंच लागतं. नाहीतर तो धरत नाहीत. नवी आवृत्ती काढताना मात्र असा व्हेटो (एकट्याने अडवायचा हक्क) नाही, तिथे किमान तीन +१ (बाजूची मतं) आणि बहुमत लागतं.

म्हणून आधी बघा, तुमच्या मेंटेनरने कारण दिलंय का. नुसतं ‘नको’ असेल तर कारण मागा, संकोच करू नका.

सगळा भार एकाच माणसावर टाकणंही बरं नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत शेवटचा शब्द तिचे निर्माते गुइडो व्हान रोसम यांचा असायचा. भाषेत := हे नवं चिन्ह आणायच्या प्रस्तावावरून इतकी भांडणं झाली की जुलै २०१८ मध्ये ते त्या भूमिकेतून बाजूला झाले, वारसही नेमला नाही. कारभार कसा चालवायचा यावर मुख्य डेव्हलपरांनी मतदान केलं आणि पाच जणांचं निवडून येणारं मंडळ आलं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक त्यात बसू शकत नाहीत. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

फोर्क करायचा, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प चालवायचा, हक्क तुम्हाला आहेच, पण पुढची दुरुस्ती वर्षानुवर्षं एकट्याने निभवावी लागेल. त्याआधी प्रकल्पातली ‘गव्हर्नन्स’ किंवा ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल वाचा. वाद झाला तर कुणाकडे जायचं हे बहुतेक तिथेच असतं. आणि हरकत नेमकी काय आहे ते इथे लिहा, मी बघतो.