खाणावळ: जागा की पैसे?

शिक्षणासाठी घराबाहेर राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: 'खाणावळ' आणि 'जेवणावळ' या दोन्ही शब्दांतला 'आवळ' एकच का? खाणावळ म्हणजे खाणाऱ्यांची ओळ, असा अर्थ घ्यायचा का? आणि आपण 'खाणावळ लावली' असं म्हणतो, त्यातलं 'लावणे' कुठलं?

माझं उत्तर असं की खाणावळीतला 'आवळ' ओळीचा नाही, पैशांचा आहे. खाणावळ म्हणजे मुळात खाण्याबद्दल द्यायची रक्कम. ती जिथं देऊन जेवायचं, त्या जागेला हे नाव मागाहून मिळालं. हे मला कोशाच्या आधी एका आजींनी सांगितलं होतं, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

नव्वदच्या सुमारास मी कोल्हापुरात शिकत होतो. राजारामपुरीतल्या एका गल्लीत, कॉलेजपासून सायकलनं पाच मिनिटांवर, एका कुटुंबाची खाणावळ होती. दारावर पाटी नव्हती. सोप्यात दोन लांब बाकं, आत चूल आणि गॅस दोन्ही. मावशी आमटी-कोरड्यास करायच्या, त्यांची थोरली मुलगी भाकऱ्या थापायची, काका पहाटे मंडईतून भाजी आणायचे आणि शाळेतून आलेला धाकटा पाणी वाढायचा. बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा. घरातली कामं जशी वाटलेली असतात तशीच ही वाटलेली होती, त्यामुळे आपण गिऱ्हाईक आहोत असं तिथं कधी वाटलं नाही. परीक्षेच्या दिवसांत मावशी न विचारता दही वाढायच्या, आणि कुणी अर्ध्या भाकरीवर उठू लागला तर 'बस की रं खाली' म्हणून पुन्हा बसवायच्या.

हिशेब मात्र मावशींच्या सासूबाईंकडे. त्या दाराशी पाटावर बसलेल्या असत, मांडीवर लांबोडकी वही. एकदा महिन्याची दहा तारीख उलटली तरी माझे पैसे गेले नव्हते. जेवून हात धुतले तशी आजी म्हणाल्या, "पोरा, तुजी खाणावळ ऱ्हायलीया बग." मी गोंधळलो. खाणावळ तर इथंच आहे, माझी कुठली राहिली? आजींना 'पैसे' म्हणायचं असेल आणि बोलण्याच्या ओघात शब्द चुकला असेल, अशी मी समजूत करून घेतली. पुढं कित्येक वर्षांनी सोनाराच्या दुकानात पावतीवर 'घडणावळ' वाचलं आणि आजी आठवल्या. त्या चुकल्या नव्हत्या. शब्दाचा जुना, पहिला अर्थ त्यांच्या तोंडी जिवंत होता.

घडणावळ म्हणजे दागिना घडवण्याची मजुरी. कपडे धुण्याची ती धुणावळ, धान्य दळून देण्याची ती दळणावळ. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात धुणावळ आणि दळणावळ मजुरीच्या याच अर्थानं येतात. शिवण्याची शिवणावळ, रंगवण्याची रंगणावळ, छापण्याची छपणावळ. साचा एकच: क्रियापद घ्यायचं आणि त्याला 'आवळ' जोडून त्या कामाचा मोबदला सांगायचा. खाणे आणि खाणावळ ही जोडी या साच्यात कुठंही न अडखळता बसते. फरक एवढाच की धुणावळ घेणारा धुतो, खाणावळ देणारा खातो. पैसे कामाचे असोत की जेवणाचे, एखाद्या क्रियेपोटी हातातून जाणारी रक्कम हा गाभा दोन्हीकडे सारखाच.

मग हे आज जाणवत का नाही? कारण आसपासचे सोबती गेले. शिवणावळीच्या जागी शिलाई आली, छपणावळीच्या जागी छपाई, धुणावळीच्या जागी धुलाई. 'आई'वाल्या शब्दांनी 'आवळ'वाले शब्द बाजूला सारले. सोनाराकडची घडणावळ टिकली, पण आता तिथंही 'मेकिंग चार्जेस' ऐकू येतं. कुळातली बाकीची मंडळी दिसेनाशी झाल्यावर उरलेल्या एकट्या शब्दाचा चेहरा कुणाशी जुळवून पाहणार? मला या शब्दांची फार हळहळ वाटते. 'शिलाई' लहानसा, सोपा शब्द आहे, पण 'शिवणावळ' ऐकताना शिवणारा माणूस आणि त्याचे पैसे दोन्ही डोळ्यांपुढं येतात.

ओळीचा 'आवळ' वेगळा. तो संस्कृत 'आवलि'चा: नामावळ म्हणजे नावांची ओळ, रोमावळ म्हणजे अंगावरच्या केसांची. 'जेवणावळ' मी या बाजूला बसवतो. तिथं पंगत असते, पानामागं पान मांडलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे जेवणारा काही देत नाही. जेवणावळी घालतो तो यजमान. जेवणावळीतून उठताना कुणी पाकीट काढत नाही, खाणावळीत महिनाअखेर काढावंच लागतं. दोन शब्दांमधला हा फरक रोजच्या वापरानंच सांभाळला आहे.

आता 'लावणे'. हे रोप लावण्यातलं किंवा दिवा लावण्यातलं नव्हे. आपण दूध लावतो, पेपर लावतो, शिकवणी लावतो, भांड्यांना बाई लावतो. एकदा ठरवायचं आणि मग ते रोज न सांगता होत राहायचं, असं काहीही असलं की मराठी माणूस 'लावणे' म्हणतो. म्हणून एका दिवशी जाऊन जेवलात तर 'खाणावळीत जेवलो', पण महिन्याच्या बोलीवर ठरवलंत तर 'खाणावळ लावली'. खाणावळी परवडत नसत तेव्हाचे गरीब विद्यार्थी 'वार लावून' शिकत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तिथंही तेच लावणे, फक्त पैशांशिवाय. आणि जे लावलेलं असतं त्यालाच खाडा पडू शकतो. दुधाचा खाडा, कामवालीचा खाडा, खाणावळीचा खाडा. हॉटेलात कुणी खाडा करत नाही, कारण तिथं रोज येण्याची बोलीच नसते.

याच ओघात 'बोर्डिंग'बद्दल दोन शब्द, कारण कोल्हापुरात असताना याही शब्दानं मला चकवलं होतं. शाहू महाराजांच्या काळात तिथं विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक वसतिगृहं निघाली. 1901 चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1908 चं अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग. त्यामुळे कोल्हापूरकर 'बोर्डिंगात होतो' म्हणतो तेव्हा तो राहण्याबद्दल बोलत असतो. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या बादशाही बोर्डिंगात मात्र लोक जेवायला जातात. इंग्रजीत बोर्ड म्हणजे आधी फळी, मग जेवायचं मेज, मग मेजावरचं जेवण. म्हणजे मूळ अर्थाच्या जास्त जवळ पुणेकरांचा वापर. 'मेस'ही तशीच सरकत आली आहे: आधी वाढलेलं अन्न, मग एकत्र जेवणारी टोळी, मग ती जागा.

आणि मराठीत आल्यावर मेस आणखी एक पाऊल पुढं गेली. "या महिन्याची मेस भरलीस का?" हे वाक्य तुम्हीही ऐकत असाल. तिथं भरायचे ते पैसे. खाणावळ पैशांकडून जागेकडे गेली, मेस जागेकडून पैशांकडे आली, आणि दोघींची गाठ विद्यार्थ्यांच्या महिनाअखेरीला पडली.

आजींची ती वही एकदा मी हातात घेऊन पाहिली होती. शाईच्या पेनानं आखलेले चार रकाने: नाव, खाडे, खाणावळ, जमा. माझ्या नावापुढं खाडे 6, आणि तिसऱ्या रकान्यात खाडे वजा करून उरलेली रक्कम.