शेवटचा आकडा खोडत जा, मूळ ती मूळच

प्रश्न : नमस्कार सर, परवा दसरा चौकात थांबलो होतो, पुढच्या बुलेटचा नंबर ७३९३ बघून आमचा धाकटा म्हणाला, पप्पा ही मूळ संख्या हाय, शेवटचा आकडा पुसला तरी मूळ, परत पुसला तरी मूळ. आणि असली सगळ्यात मोठी संख्या ७३९३९१३३ आहे म्हणे. आता संख्यांना शेवट नाही हे आम्हालाबी माहितीय, मग सगळ्यात मोठी कशी काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पोरगं बरोबर बोलतंय की! ७३९३९१३३, मग ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७, सगळ्या मूळ. हातानं तपासायचं तर पहिल्या संख्येलाच ८५९८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतंय, म्हणजे हजारावर भागाकार, त्यापेक्षा कॉम्प्युटरला लावा.

आता थांबते का ते बघा. मूळ संख्या संपत नाहीत, पण ही उजवीकडं वाढवायची तर शेवटी १, ३, ७, ९ एवढंच लावता येतं, कारण सम आकडा लावला की २ नं भाग जातो आणि ५ लावला की ५ नं. त्यात ३ ची कसोटी (आकड्यांच्या बेरजेला ३ नं भागून जी बाकी, तीच संख्येची बाकी) आडवी येते आणि खरी गंमत तिथंच आहे. ७ ला ३ नं भागलं की बाकी १. ३ नाहीतर ९ कितीही लावा, बाकी तीच राहते. पण १ किंवा ७ लावला की बाकी २ होते, आणि तिथनं पुढं परत १ किंवा ७ लावला की ३ नं भाग गेलाच म्हणून समजा. म्हणून बघा, ७३९३९ नंतर एकदा १ आला आणि पुढं नुसते ३, ३. आता ७३९३९१३३ ला ३ किंवा ९ लावायची तेवढी वाट उरते, पण ७३९३९१३३३ आणि ७३९३९१३३९ या दोन्ही मूळ निघत नाहीत. खेळ खल्लास.

असल्या संख्या एकूण ८३ च आहेत. चार आकडी १६, पाच आकडी १५, मग १२, ८, आणि आठ आकडी फक्त ५, नऊ आकडी एकही नाही. म्हणजे गाडीच्या चार आकडी नंबरात असले १६ च, त्यातला एक तुमच्या पोरानं चालता चालता ओळखला, लई भारी. उपयोग काय विचाराल तर काही नाही, सरळ सांगतो.

डावीकडनं आकडे काढत गेलं तर मात्र, शून्य वापरायचा नाही असं धरून, सगळ्यात मोठी संख्या २४ आकडी आहे, ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. तिथं गडी जास्त टिकतोय कारण नवा आकडा पुढं लागतो, शेवटचा आकडा बदलतच नाही.

धाकट्याला आता हे द्या : ३७३३७९९९ पण याच ८३ तली आहे, मग सुरुवातीच्या ३ नंतर ७ दोनदा कसा काय बसला?