एनएसएफकडे पहिला प्रस्ताव पाठवताना
अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशन (एनएसएफ) या संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेकडे पहिला संशोधन-प्रस्ताव पाठवणाऱ्या नव्या प्राध्यापकांनी आधी आपल्या विषयाचे प्रस्ताव हाताळणारे कार्यक्रम अधिकारी अजून त्याच पदावर आहेत का, याची खात्री करून घ्यावी. फेब्रुवारी २०२५मध्ये तेथील १६८ कर्मचाऱ्यांना एका दिवसात काढून टाकले गेले, त्यांतील बरेच जण पुढे परत घेतले गेले, आणि एप्रिलमध्ये संचालक सेतुरामन पंचनाथन यांनीही राजीनामा दिला. अशा उलथापालथीत पूर्वीच्या अधिकाऱ्याने दिलेला तोंडी होकार गृहीत धरणे धोक्याचे आहे. सध्याच्या अधिकाऱ्यांना एक पानी सारांश ईमेलने पाठवून, विषय अजून त्यांच्या कक्षेत बसतो का, हे लेखी विचारावे. संस्थेचे प्राधान्य कृत्रिम बुद्धिमत्ता आणि क्वांटम तंत्रज्ञानाकडे झुकले म्हणून शीर्षकात ते शब्द ओढूनताणून घुसडू नयेत. परीक्षकांना ते लगेच खटकतात. विद्यार्थ्याचे वेतन मात्र एकाच अनुदानाच्या भरवशावर ठेवू नये.