गव्हर्नरसाहेबांचे उत्तर आणि पणजोबांचा अर्ज

प्रश्न : पणजोबांनी इनाम जमिनीबद्दल मुंबईच्या गव्हर्नरकडे केलेल्या अर्जाचे 1897 सालचे इंग्रजी उत्तर आमच्या घरी आहे. वर 'बॉम्बे कॅसल' आणि खाली 'गव्हर्नर-इन-कौन्सिलच्या हुकमावरून' असे छापले आहे. मूळ अर्ज राजभवनात मिळेल का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : राजभवनाकडे जाऊ नका. 'बॉम्बे कॅसल' हा सरकारी कागदाचा मथळा, साहेबांच्या घरचा पत्ता नव्हे. तेव्हा गव्हर्नर राहायचे मलबार पॉइंटला आणि कारभार चालायचा फोर्टातल्या सचिवालयात, जिथे आज सत्र न्यायालय आहे. 1897 म्हणजे दुष्काळ, प्लेग आणि जूनमध्ये पुण्यात रँडचा खून. त्या धामधुमीत तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट संगमनेरचा इनामाचा कागद स्वतः वाचत बसले असतील, असे मला तरी वाटत नाही. हुकूम त्यांच्या नावाने, सही सेक्रेटरीची आणि फाइल खात्याची. ही रीत अजून मोडलेली नाही. आजचा कुठलाही शासन निर्णय उलटून पाहा, शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असतेच. संविधानाचे कलम 166 तसेच सांगते.

तेव्हा त्या उत्तरावर खाते, ठराव क्रमांक आणि तारीख शोधा. इनाम म्हणजे बहुधा महसूल खाते. एवढे हाती घेऊन काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचे दप्तर, गाठा. याचे मूळ 1821 सालचे, एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाचे. 'गव्हर्नर' म्हणून मागाल तर कर्मचारी तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. महसूल खात्याची त्या वर्षाची सूची मागा, त्यावरून व्हॉल्यूम (बांधलेला खंड) आणि कॉम्पिलेशनचा (त्यातल्या एका प्रकरणाच्या कागदांचा) नंबर मिळतो. मूळ मराठी अर्जाऐवजी नुसता इंग्रजी तर्जुमा किंवा सारांश निघाला, तर नवल मानू नका. किरकोळ कागद मुदतीनंतर नष्टही होत. तिथे काही लागलेच नाही, तर पुण्याच्या पेशवे दप्तरात चौकशी करा. इनामांच्या तपासणीचे पुष्कळ कागद तिथे आहेत.

गव्हर्नरांचा खासगी पत्रव्यवहार मात्र बहुतेकदा त्यांच्याबरोबर विलायतेला गेला. खुद्द एल्फिन्स्टनचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, नंतरचे गव्हर्नर लॉइड यांचे केंब्रिजला. त्यात तुमचे पणजोबा सापडायचे नाहीत, तो खर्च करू नका.

आणि घरचा मूळ कागद पिशवीत घालून मुंबईला नेऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो पुरेत.