दाखवलेले आणि राखून ठेवलेले : आवर्जून पाहावेत असे काही माहितीपट

निसर्गावरच्या आणि गाजलेल्या गुन्ह्यांवरच्या मालिका पाहून झाल्या आहेत, आता मनात घर करून राहतील असे माहितीपट सुचवावेत, त्यांतला कोणता आधी पाहावा तेही सांगावे, आणि तीन-तीन, नऊ-नऊ तासांचे माहितीपट खरोखरच तेवढा वेळ देण्याच्या योग्यतेचे असतात का, असे आपण विचारले आहे. नावे पुढे देत आहे, पण ती विषयवार लावलेली नाहीत. विषय पाहून माहितीपट निवडणे मी फार पूर्वीच सोडून दिले, कारण मोठ्या विषयांवरचे निर्जीव माहितीपट पुष्कळ असतात आणि ओसाड गावात मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईवरचा माहितीपट आयुष्यभर सोबत करतो. मी पाहतो ते एवढेच की दिग्दर्शकाच्या हाती जे साहित्य होते त्यातले त्याने काय दाखवले, काय राखून ठेवले आणि ते कोणाच्या भल्यासाठी राखून ठेवले. खालची निवड या एका कसोटीवर केलेली आहे.

सुरुवात 'हनीलँड' (२०१९) पासून करावी, असा माझा आग्रह राहील. उत्तर मॅसेडोनियातल्या एका निर्जन झालेल्या गावात, वीज नसलेल्या दगडी घरात, हातिजे नावाची मध्यमवयीन स्त्री अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईसह राहते. ती रानमधमाश्यांचा मध काढते तेव्हा निम्मा मध माश्यांसाठी ठेवते आणि निम्माच स्वतःसाठी घेते. शेजारी एक मोठे कुटुंब मुलाबाळांसह आणि गुराढोरांसह येऊन राहते, त्यांनाही मधाच्या धंद्याचा मोह पडतो आणि हा निम्म्याचा नियम मोडतो. दिग्दर्शक तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव्ह यांनी तीन वर्षे तिथे जाऊन-येऊन सुमारे ४०० तासांचे चित्रण केले आणि त्यातून दीड तासाहूनही लहान चित्रपट काढला. त्यात निवेदन नाही, कॅमेऱ्यासमोर बसवून घेतलेली मुलाखत नाही, पर्यावरणावरचे भाषण नाही. हातिजे तुर्कीची एक जुनी बोली बोलते आणि ती दिग्दर्शकांना कळत नव्हती, म्हणून संकलनाचा पहिला टप्पा केवळ दृश्यांच्या आधारे झाला. आवाज बंद करूनही या चित्रपटातली कथा उमगते, याचे कारण मला त्यात दिसते. निवेदकाच्या आवाजाची सवय लागलेल्या प्रेक्षकाला पहिली दहा-पंधरा मिनिटे अवघडल्यासारखे होईल, पण त्यानंतर डोळे आपोआप काम करू लागतात.

त्यानंतर एरल मॉरिस यांचा 'द थिन ब्ल्यू लाइन' (१९८८) पाहावा. गुन्हेविषयक मालिका आपल्याला आवडतात, असे दिसते; त्या मालिकांची बरीचशी भाषा याच चित्रपटाने घडवली आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात रात्री एका पोलीस अधिकाऱ्याचा गोळ्या घालून खून झाला आणि रँडल डेल अॅडम्स याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती जन्मठेपेत बदलली. मॉरिस यांनी साक्षीदारांना, पोलिसांना आणि वकिलांना शांतपणे बोलू दिले आणि प्रत्येकाच्या सांगण्याप्रमाणे तोच प्रसंग नटांकडून पुन्हा पुन्हा साकारून घेतला. तपशील दर वेळी थोडे बदलतात आणि एकाही साक्षीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येणार नाही, हे प्रेक्षकाला स्वतःहून कळू लागते. आजच्या मालिकांमध्ये नाट्यरूपांतर येते तेव्हा ते बहुतेकदा 'असेच घडले' या सुरात येते. इथे त्याचा उपयोग अगदी उलट, शंका उत्पन्न करण्यासाठी केला आहे. शेवटच्या मुलाखतीच्या वेळी कॅमेरा बिघडल्यामुळे फक्त ध्वनिमुद्रण हाती राहिले. त्यामुळे चित्रपटातला सर्वांत निर्णायक कबुलीसारखा जबाब आपण एका टेपरेकॉर्डरकडे पाहत ऐकतो, आणि तो ऐकताना अंगावर काटा येतो. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर १९८९ मध्ये अॅडम्स तुरुंगातून सुटला.

नाट्यरूपांतराचा मुद्दा निघालाच आहे तर रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) विषयी थोडे. कॅनडाच्या बर्फाळ उत्तर भागातल्या इनुइट लोकांवरचा हा मूकपट पूर्ण लांबीच्या माहितीपटांच्या इतिहासात अगदी आरंभी येतो आणि त्यातले बरेच काही मुद्दाम घडवून आणलेले आहे. नायकाचे खरे नाव वेगळे होते, त्याच्या काळात बंदुका आलेल्या असताना शिकार जुन्या पद्धतीने भाल्याने करून दाखवली आहे, आणि आतल्या चित्रणासाठी पुरेसा उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घर एका बाजूने उघडे ठेवले होते. हे ठाऊक असूनही तो पाहावा. वॉलरसला ओढून काढणाऱ्या माणसांची खरीखुरी दमछाक आणि त्यांच्याकडून करवून घेतलेला अभिनय एकाच चौकटीत दिसतात, आणि या कलाप्रकाराला आजही सतावणारा प्रश्न तिथे उघड्यावर पडलेला असतो.

राखून ठेवण्याचे सर्वांत अवघड उदाहरण वेर्नर हेर्त्सोग यांच्या 'ग्रिझली मॅन' (२००५) मध्ये आहे. टिमथी ट्रेडवेल १३ उन्हाळे अलास्कातल्या अस्वलांच्या सहवासात राहिला आणि २००३ च्या ऑक्टोबरमध्ये तो आणि त्याची सोबतीण अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावले. त्या क्षणी कॅमेरा चालू होता, पण भिंगावरचे झाकण काढलेले नव्हते. त्यामुळे चित्र नाही, केवळ आवाज मुद्रित झाला. कोणत्याही सनसनाटी मालिकेने हा आवाज जाहिरातीतच वापरला असता. हेर्त्सोग तो हेडफोन लावून एकटे ऐकतात, कॅमेरा त्यांच्या पाठीमागून ट्रेडवेलच्या जुन्या मैत्रिणीचा चेहरा पाहत राहतो, आणि ही ध्वनिफीत तू कधीही ऐकू नकोस, असे ते तिला सांगतात. आपल्याला त्यातले काहीच ऐकू येत नाही. माझ्या मते माहितीपटाच्या नीतीवरचा इतका स्पष्ट धडा दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात नाही. हेर्त्सोग ट्रेडवेलच्या निसर्गविषयक समजुतींशी मुळीच सहमत नाहीत आणि तसे निवेदनात स्वच्छ सांगतात, तरीही त्याने टिपलेल्या दृश्यांची मनापासून वाखाणणी करतात. विरोध आणि आदर यांना एकत्र नांदवणे किती दिग्दर्शकांना साधते?

झाकणाचाच एक अगदी वेगळा प्रसंग आन्येस वार्दा यांच्या 'द ग्लीनर्स अँड आय' (२०००) मध्ये येतो. कापणीनंतर शेतात उरलेले आणि बाजारात टाकून दिलेले अन्न वेचणाऱ्या माणसांवरचा हा चित्रपट वार्दांनी सत्तरी ओलांडल्यावर, बऱ्याच अंशी हातातल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपला. एकदा त्या कॅमेरा बंद करायला विसरल्या आणि लोंबकळणारे झाकण चालताना हलत राहिले. ते दृश्य फेकून न देता त्यांनी जॅझ संगीतासह चित्रपटात ठेवले. टाकाऊ म्हणून कोणी बाजूला सारलेले वेचून घेणे हाच चित्रपटाचा विषय असल्याने ते दृश्य तिथे शोभूनही दिसते.

लपवणे आणि राखून ठेवणे यांतला फरक पाहायचा असेल तर 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' (२०१२) पाहावा. विस्मृतीत गेलेल्या एका गायकाचा शोध त्यात अतिशय रंगतदारपणे मांडला आहे, पण त्या गायकाला ऑस्ट्रेलियात चांगली लोकप्रियता लाभली होती आणि तिथे त्याचे दौरेही झाले होते, हे सांगितलेलेच नाही, कारण ते सांगितले असते तर 'विस्मृती' तितकी संपूर्ण राहिली नसती. चित्रपट मला आवडतो, पण हे वगळणे प्रेक्षकाच्या किंवा गायकाच्या हितासाठी नव्हते, ते कथेच्या सोयीसाठी होते, आणि म्हणून माझ्या यादीत त्याचे स्थान खालचे आहे.

आपल्याकडच्या चित्रपटांपैकी शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) अवश्य पाहावा. दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणारे दोन भाऊ, त्यांचे तळघर, औषधे, निधीसाठीची धडपड आणि आकाशातून पडणारे पक्षी. शहरातला वाढता धार्मिक तणाव कुठेतरी गल्लीतून येणाऱ्या घोषणांत, फोनवरच्या बोलण्यात कानावर येतो, पण कॅमेरा त्यामागे धावत नाही. घारीच्या पंखावरची नजर ढळत नाही आणि त्यामुळेच भीती अधिक खोल पोहोचते. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा याच्या अगदी विरुद्ध स्वभावाचा चित्रपट आहे. १९९७ मध्ये मुंबईतल्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मरण पावली, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, आणि तिथून सुरू झालेले चित्रण १४ वर्षे चालले. इथे दिग्दर्शक प्रश्न विचारतो, बाजू घेतो, काही लपवत नाही. तीन तासांहून अधिक लांबीत शाहिरी गाणी पुरती वाजू दिली आहेत, ती तुकड्यातुकड्यांनी पार्श्वसंगीतासारखी वापरलेली नाहीत. लांबीचे समर्थन मला तेवढ्यावरच पटते.

लांबीविषयीच्या आपल्या शंकेला आणखी एक उत्तर म्हणजे स्टीव्ह जेम्स यांचा 'हूप ड्रीम्स' (१९९४). मुळात अर्ध्या तासाचा लघुपट करायचा बेत होता; बास्केटबॉलचे स्वप्न पाहणाऱ्या शिकागोतल्या दोन मुलांमागे दिग्दर्शक पाच वर्षे राहिले, सुमारे २५० तासांचे चित्रण जमले आणि जवळपास तीन तासांचा चित्रपट झाला. सामन्यांचा थरार त्यात आहेच, पण मला आठवतो तो प्रसंग त्या दोघांपैकी आर्थरच्या आईचा. घरात पैशांची ओढाताण असताना ती परिचारिका-साहाय्यकाचा अभ्यासक्रम पूर्ण करते, वर्गात तिचे गुण सर्वांत जास्त असल्याचे तिला कळते आणि तिचा आनंद आवरत नाही. अर्ध्या तासाच्या चित्रपटात या दृश्याला जागा मिळाली नसती, आणि आधीची दोन तासांची ओळख नसती तर त्याचे मोलही कळले नसते. ज्यांना यापुढे जायचे आहे त्यांनी १९६४ मध्ये सुरू झालेली ब्रिटिश 'अप' मालिका पाहावी. सात वर्षांच्या १४ मुलांना दर सात वर्षांनी पुन्हा भेटत ती २०१९ मध्ये त्यांच्या त्रेसष्टीपर्यंत पोहोचली. प्रत्येक भागात आधीच्या भागांतली दृश्ये येत असल्याने ती पहिल्यापासून पाहिलीच पाहिजे असे नाही.

हत्याकांडांवरचे चित्रपट मी यादीच्या शेवटी ठेवले आहेत, कारण ते पाहण्यासाठी मनाची तयारी लागते. आलँ रेने यांचा 'नाइट अँड फॉग' (१९५६) जेमतेम ३२ मिनिटांचा आहे: नाझी छावण्यांची कृष्णधवल संग्रहित दृश्ये आणि त्याच जागी दहा वर्षांनी उगवलेले हिरवे गवत रंगीत चित्रणात. त्यातल्या एका छायाचित्रात फ्रेंच पोलिसाची टोपी, म्हणजे छावण्यांच्या कामातला फ्रेंचांचा सहभाग, दिसत होती आणि फ्रेंच सेन्सॉरच्या आग्रहामुळे ती झाकावी लागली; दिग्दर्शकाऐवजी सत्ता राखून ठेवते तेव्हा काय होते, हे त्या टोपीवरून कळते. जोशुआ ओपनहायमर यांनी इंडोनेशियातल्या १९६५-६६ च्या कत्तलींवर दोन चित्रपट केले. 'द अॅक्ट ऑफ किलिंग' (२०१२) मध्ये मारेकरी स्वतःच आपली कृत्ये सिनेमाच्या थाटात अभिमानाने साकारतात, आणि 'द लुक ऑफ सायलेन्स' (२०१४) मध्ये मारल्या गेलेल्या एकाचा धाकटा भाऊ, जो चष्म्याचे नंबर तपासतो, मारेकऱ्यांचे डोळे तपासता तपासता त्यांना प्रश्न विचारतो. पहिल्याची चर्चा अधिक होते, मला दुसरा अधिक मोठा वाटतो. दोन्हींच्या श्रेयनामावलीत अनेक स्थानिक सहकाऱ्यांच्या जागी 'अनामिक' एवढेच लिहिलेले आहे, कारण नाव छापणे त्यांच्या जिवावर बेतू शकले असते. ही श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नये.

नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा क्लोद लांझमान यांचा 'शोआ' (१९८५) मात्र सर्वांत शेवटी. नऊ तासांहून मोठ्या या चित्रपटात संग्रहित दृश्य एकही नाही; वाचलेली माणसे, आसपासचे गावकरी, छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले काही माजी नाझी, आणि आज त्या जागी असलेली शेते, रूळ, झाडे. ट्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीतल्या स्त्रियांचे केस कापावे लागलेला न्हावी एका दुकानात गिऱ्हाइकाचे केस कापत बोलतो, मध्येच त्याचा शब्द अडतो, आणि लांझमान त्याला पुढे बोलायला लावतात. तो आग्रह योग्य होता की नव्हता, यावर आजही मतभेद आहेत. मला तो योग्य वाटतो, पण विरुद्ध मत असणाऱ्यांचे म्हणणेही मी समजू शकतो. चित्रपट दोन भागांत आहे, तेव्हा लागोपाठच्या दोन दिवसांत पाहावा. पोलंडमधल्या गावकऱ्यांना लांझमान फ्रेंचमध्ये विचारतात, दुभाषी तो प्रश्न पोलिश भाषेत सांगते, उत्तर येते आणि ते पुन्हा फ्रेंचमध्ये होते. तोवर उत्तर देणाऱ्याचा चेहरा आपण पाहत असतो. ही मधली मिनिटे लांझमान यांनी जाणून ठेवली आहेत. ती पुढे सरकवू नयेत आणि वेग वाढवूनही पाहू नयेत.