सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात जीव नाही

"मॅडम, रिपोर्ट सगळे नॉर्मल आलेत, पण अंगात जीवच नाही."

हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी किती जणांच्या तोंडून ऐकलं, त्याची मोजदाद राहिली नाही. जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ते म्हणणारी एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, एक जण वडिलांची पेढी सांभाळतो, एक नुकतेच निवृत्त झालेले मुख्याध्यापक आहेत. जेवण जातं, झोप लागते, कामंही उरकतात. पण संध्याकाळी घरी येऊन चपला काढताना वाटतं, दिवसभर कापसाची गाठोडी वाहिली की काय. या सगळ्यांसाठी एका ताईंची गोष्ट लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. आपण त्यांना सुनंदाताई म्हणू.

वय एकोणचाळीस, बँकेत अधिकारी, माहेर पारोळ्याकडच्या एका खेड्यात. पौषातल्या एका सकाळी त्या आल्या तेव्हा हातात फाइल होती. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व, सगळं तपासून झालं होतं. हे त्यांनी फार चांगलं केलं होतं. थकवा घेऊन आलेल्या कुणालाही मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, कारण थायरॉइड बिघडलं असेल तर बोलून ते सुधरत नाही.

ताई बोलायला लागल्या आणि मला पहिल्यांदा जाणवली ती त्यांची भाषा. अतिशय नेटकी. प्रत्येक 'ण' जागच्या जागी, एकही वाक्य अर्धवट नाही. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "खूप मेहनत घेतलीय त्यासाठी." आणि पुन्हा थकव्यावर आल्या. मी ते वाक्य मनात ठेवून दिलं.

तिसऱ्या भेटीत त्यांना एक छोटी वही करायला सांगितली. दिवसभरात जे बोलावंसं, करावंसं वाटलं आणि आतल्या आत गिळलं, ते लिहायचं. बाकी काही नाही. आठवड्याने वही आली. डब्यात कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी न्यावीशी वाटली, पोळीच नेली. मोठ्याने हसू आलं, तोंडावर हात धरला. जाऊबाईंचा बेत आवडला नाही, "छान आहे" म्हटलं. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाबांशी आपल्या बोलीत बोलावंसं वाटलं, बोलले नाही. एका दिवसाच्या तेवीस नोंदी होत्या.

"यातली एकही मोठी गोष्ट नाही, मॅडम," त्या जरा ओशाळून म्हणाल्या.

"बरोबर. पण तेवीस वेळा तुम्ही स्वतःवर पहारा दिलात. बँकेचा वॉचमनसुद्धा आठ तासांनी ड्युटी बदलतो. तुमची पाळी कधी सुटते?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग हॉस्टेलची गोष्ट निघाली. बारावीनंतर पुण्यात शिकायला गेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये कुणी भाजी विचारली आणि त्यांच्या तोंडून गेलं, "शे ना," म्हणजे 'आहे ना'. टेबलावर हशा पिकला. पुढे वर्षभर 'शे ना' हेच त्यांचं नाव होतं. त्या रात्रीपासून त्यांनी अहिराणी, म्हणजे आपली खान्देशी बोली, पेटीत घातली आणि कुलूप लावलं. लग्न होऊन जळगावात आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरांसमोर तसं बोलू नकोस, त्यांनाही तीच सवय लागेल." मग कुलपाची किल्लीही गेली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. फाल्गुनातली भेट होती, बाहेर ऊन तापायला लागलेलं. बोलता बोलता त्यांचा फोन वाजला. आईचा होता. मी म्हटलं, घ्या. त्या उठून दाराशी गेल्या, पाठ माझ्याकडे, एक हात कडीवर.

"काय वं माय, जेवनी का? ... नही वं, मी बरी शे. ... आखाजीले? देखसू ना, सुट्टी भेटनी तं येसू."

दोन मिनिटांचं बोलणं, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी जाण्याचं. पण मी पाहत होते. कानापर्यंत ताणलेले खांदे खाली आले. आवाज घशातून निघायचा तो पोटातून यायला लागला. आई पलीकडून काहीतरी बोलली आणि ताई खळखळून हसल्या, तोंडावर हात न ठेवता. इतक्या भेटींत ते हसणं मी ऐकलं नव्हतं. फोन ठेवून त्या वळल्या, आणि खुर्चीपर्यंतच्या चार पावलांत खांदे पुन्हा वर गेले.

"सॉरी हं, मॅडम."

"सॉरी नंतर. आत्ता फोनवर होतात तेव्हा थकवा कुठे होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि डोळे भरून आले. "नव्हता," एवढंच म्हणाल्या. नंतर दहा मिनिटं आम्ही दोघी बोललो नाही. त्या रडत होत्या आणि मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवण्यापलीकडे काही केलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हे बावीस वर्षांत मी शिकलेलं सगळ्यात अवघड काम आहे. त्या दिवशी ते मला जमलं.

मी कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या मानसतज्ज्ञाच्या वाटेने काम करते. आत जे वाटतं आणि बाहेर जे दाखवावं लागतं त्यांत अंतर पडलं की माणूस ताणला जातो, ही त्यांची शिकवण. ताईंमुळे तिची एक बाजू मला नव्याने कळली. आपण शक्ती कमावण्याच्या मागे लागतो, टॉनिक घेतो, पहाटे उठतो. ताईंची शक्ती कुठे गेलीच नव्हती. ती पहाऱ्यावर खर्च होत होती.

हे कळल्यावर एक घोटाळा होतो, तो ताईंचाही झाला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सासूबाईंना वीस वर्षांचं साठलेलं सगळं एका दमात ऐकवलं. घरात दोन दिवस अबोला. "मी खरं बोलले ना?" असं त्यांनी मला विचारलं. बोललात, पण तो बांध फुटला होता. खरं वागणं म्हणजे तोंडाला येईल ते बोलणं नव्हे, आणि नोकरी-संसार सोडून निघून जाणं तर नव्हेच. शेताला पाणी देताना आपण एकेक वाफा उघडतो. इथेही तसंच. आधी एक माणूस निवडायचा, ज्याच्यासमोर पहारा सोडला तरी धोका नाही. तिथे एक गिळलेलं वाक्य बोलून पाहायचं. निभावलं की पुढचा वाफा.

ताईंनी काउंटर निवडला. पीककर्जाची चौकशी करायला एक आजोबा आले होते, मराठी फॉर्म हातात धरून नुसते उभे. ताई केबिनमधून उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, आठे सही करा, आठे अंगठा नही." आजोबांनी चष्मा वर करून विचारलं, "तू कोनी अंडेर वं?" म्हणजे, तू कुणाची लेक गं? त्या दिवशी ताई रोजच्यापेक्षा तासभर उशिरा घरी गेल्या आणि तरीही रात्री मुलीसोबत पत्ते खेळत बसल्या. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा जायला लागला. दोन सहकारी आता त्यातली अर्धी पळवतात. सासूबाईंशी बोलणं मात्र अजून सावकाश चाललंय, आणि ते तसंच चालायला हवं.

तुम्हाला ताईंसारखं वाटत असेल तर आठ दिवस वही ठेवून पाहा. काम थोडं असूनही कुणाला भेटल्यावर गळून जाता आणि भरपूर काम करूनही कुठे ताजे राहता, तेवढं लिहा. तुमच्या वहीत बोलीभाषा नसेल. त्या मुख्याध्यापकांच्या वहीत वाजवायची पेटी निघाली, चाळीस वर्षं माळ्यावर पडलेली. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वहीवर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आमची शेवटची ठरलेली भेट वैशाखात होती. आदल्या आठवड्यात ताईंचा फोन आला.

"मॅडम, मंगळवारे जमाव नही. आखाजी शे. पोरले लई चालनू माहेरले, झोका बांधेल शे लिंबले."

मी डायरीतली ती वेळ खोडली.